परीक्षा इंग्रजीची, सवय चिनीची

इंग्रजीची धास्ती ही फक्त आपलीच मिरास आहे, असा आपल्याकडे एक समज आहे. दहावीचा इंग्रजीचा पेपर, गाईड, अपेक्षित प्रश्नसंच, ‘इंग्लिश स्पीकिंग’चे क्लास आणि मुलाखतीत तोंडाला पडणारी कोरड हे सगळे आपण इतके जवळून पाहिलेले असते, की जगात आणखी कोणाला हा घोर असेल हे ध्यानातच येत नाही. प्रत्यक्षात हिमालयापलीकडे आपल्याइतकाच मोठा जनसमुदाय याच परीक्षेच्या दारात उभा आहे. चीनमध्ये बारावीनंतर ‘गाओखाओ’ नावाची विद्यापीठ प्रवेशाची परीक्षा होते. २०२४ साली या परीक्षेसाठी १ कोटी ३४ लाखांहून अधिक मुलांनी नावे नोंदवली होती. बहुतेक प्रांतांत ही परीक्षा ७५० गुणांची असते आणि त्यांतले १५० गुण परकी भाषेचे असतात. ती परकी भाषा बहुतेकांच्या बाबतीत इंग्रजीच असते. पुढे विद्यापीठात गेले, की १९८७ साली सुरू झालेली ‘कॉलेज इंग्लिश टेस्ट’ वाट पाहत असते.

समुद्रापलीकडे तैवानमध्येही चित्र फारसे वेगळे नाही. तिथे ‘टोइक’ या परीक्षेचा बोलबाला आहे. अमेरिकेतील ‘एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस’ या संस्थेने तयार केलेली ही परीक्षा १९७९ साली पहिल्यांदा जपानमध्ये घेतली गेली आणि मग पूर्व आशियात पसरली. शेक्सपिअर, वर्ड्‌स्वर्थ यांच्याशी तिचा संबंध नाही. ऑफिसातली पत्रे, नोटिसा, वेळापत्रके, जाहिराती, मालाच्या पावत्या असे रोजच्या व्यवहारातले इंग्रजी तिच्यात विचारतात. दोन तास आणि २०० प्रश्न. त्यांतले १०० ऐकून सोडवायचे आणि १०० वाचून. गुण १० ते ९९० या पट्टीवर मिळतात. ८६० च्या वर सोनेरी प्रमाणपत्र, ७३० च्या वर निळे, ४७० च्या वर हिरवे. नापास असा शिक्काच नाही. पण नोकरी देणारा आपली रेघ आखून बसलेला असतो, आणि त्या रेघेच्या अलीकडे राहिलेला माणूस स्वतःला नापासच समजतो.

मी इंग्रजीचा पंडित नाही आणि चिनीचा तर नाहीच. कवितेच्या नादाने शब्दांच्या मागे फिरणारा एक साधा बी.ए. झालेला माणूस. या विषयाकडे वळलो तो माझ्या भाचीमुळे. ती तैवानमधल्या सिंचू शहरात नोकरी करते. तिच्या शेजारच्या टेबलावर बसणारी एक मुलगी तीनदा टोइकला बसली आणि तिन्ही वेळा साडेसहाशेच्या आसपास अडकली. परदेशी ग्राहकांशी बोलण्याचे काम मिळायला ७३० हवे होते. भाची फोनवर म्हणाली, ‘मामू, हिचं व्याकरण माझ्यापेक्षा पक्कं आहे. सगळे नियम तोंडपाठ. तरी दर वेळी तेच चुकतं. असं का होत असेल?’

मी म्हटले, ‘चुकांची यादी पाठव.’ सराव पेपरांतल्या चुकांची ती यादी आली, आणि मग पुढचे काही आठवडे आम्ही तिघे फोनवरून एकच उद्योग करत होतो. प्रत्येक चुकीपुढे एक प्रश्न लिहायचा : हेच वाक्य चिनीत कसे म्हणतात? उत्तर ती मुलगी द्यायची, भाची मला समजावून सांगायची. थोड्याच दिवसांत ध्यानात आले, की ज्या चुका निष्काळजीपणाच्या वाटत होत्या, त्यांतल्या बहुतेकांच्या मागे चिनी भाषेची एखादी सवय उभी आहे. आज मला सांगायचे आहे ते एवढेच. परक्या भाषेचा सराव करायचा, तर आधी आपल्या भाषेची सवय ओळखली पाहिजे. ती न ओळखता हजार प्रश्न सोडवले, तर ती चूकच हजार वेळा गिरवली जाते.

सुरुवात काळापासून करू. आपण मराठी माणसे क्रियापद किती वाकवतो पाहा. जातो, जाते, गेलो, गेली, गेले, जाईन, जायचो. चिनी क्रियापद मुळीच वाकत नाही. ‘छ्यू’ म्हणजे जाणे. काल असो, आज असो, उद्या असो, तो असो वा ती असो, ‘छ्यू’ हे ‘छ्यू’च राहते. मग काळ कळतो कसा? ‘काल’, ‘उद्या’, ‘आधीच’ अशा शब्दांवरून, संदर्भावरून, आणि क्रिया पुरी झाली हे सांगणाऱ्या ‘ल’सारख्या छोट्या अक्षरावरून. आता अशा भाषेत वाढलेल्या माणसाने ‘यस्टरडे’ हा शब्द लिहिला, की त्याच्या मनाने काळ सांगून टाकलेला असतो. पुन्हा ‘गो’चे ‘वेंट’ कशाला करायचे, हे त्याचे मन विचारते. त्याला नियम माहीत असतो. पण घाईत नियम मागे पडतो आणि सवय पुढे येते.

यावर त्या मुलीने एक साधा सराव धरला. वाक्यात वेळ सांगणारा शब्द दिसला, की त्याच्याखाली रेघ मारायची आणि लगेच बोट क्रियापदावर ठेवायचे. चिनीत जे काम एका शब्दाने होते, ते इंग्रजीत दोन ठिकाणी करावे लागते, हे बोटाला शिकवायचे. आठ-दहा दिवसांत बोट आपोआप जाऊ लागले.

दुसरी गोष्ट संख्येची. चिनीत पुस्तकाला ‘शू’ म्हणतात. एक पुस्तक ‘यी बन शू’ आणि तीन पुस्तके ‘सान बन शू’. शब्द बदलत नाही. मधला ‘बन’ हा मोजणीचा शब्द. आपण ‘मेथीच्या दोन जुड्या’, ‘चपलांचे तीन जोड’, ‘कापडाचे चार तागे’ म्हणतो, तशातला हा प्रकार. फरक एवढाच, की चिनीत जवळजवळ प्रत्येक वस्तूला असा मोजणीचा शब्द लागतो. त्यामुळे कोणती वस्तू मोजता येते आणि कोणती येत नाही, हा इंग्रजीतला भेद चिनी माणसाच्या मनात रुजलेलाच नसतो. ‘बुक’ला ‘एस’ लावायचा राहून जातो, आणि ‘इन्फर्मेशन’ला मात्र नको तिथे लागतो. आपल्याला इथे मराठीची मदत होते. आपण ‘माहिती’ची ‘माहित्या’ कधी करत नाही.

‘अ’ आणि ‘द’ यांच्या बाबतीत मात्र आपण आणि चिनी सख्खे भाऊ. दोघांच्याही भाषेत ही उपपदे नाहीत. म्हणून चिनीत नेमकेपणा सांगताच येत नाही असे नव्हे. ‘खरन लाय ल’ म्हणजे ज्यांची वाट पाहत होतो ते पाहुणे आले. शब्दांची जागा बदलून ‘लाय खरन ल’ म्हटले, तर कोणी तरी पाहुणे आले, अवचित. केवळ क्रमाने केवढा फरक पडला! इंग्रजीत हेच काम ‘द’ आणि ‘अ’ करतात. तेव्हा नियमांची यादी घोकण्यापेक्षा प्रत्येक नामापाशी थांबून विचारावे : ऐकणाऱ्याला कोणता ते ठाऊक आहे का? पाहुणा ओळखीचा की अवचित आलेला? चिनी विद्यार्थ्याला हा प्रश्न परका नाही, कारण त्याच्या भाषेत तो आहेच. फक्त उत्तर दुसऱ्या जागी द्यायचे आहे.

तिसरी चूक मजेशीर आहे आणि ती बोलताना जास्त होते. चांगले इंग्रजी बोलणारा चिनी माणूस आपल्या आईबद्दल बोलता बोलता मध्येच ‘ही’ म्हणून जातो. कारण चिनीत तो, ती आणि ते या तिन्हींचा उच्चार एकच, ‘था’. लिहिताना ‘ती’साठी वेगळे अक्षर वापरतात, पण तेही जुने नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, नव्या चिनी साहित्याच्या चळवळीत, ते रूढ झाले. त्यात ल्यू बाननोंग या कवी आणि भाषाशास्त्रज्ञाचा मोठा वाटा होता. १९२० साली लंडनमध्ये शिकत असताना त्याने ‘ती’च्या आठवणीची एक कविता लिहिली आणि तिच्यात हे नवे अक्षर वापरले. पुढे चाव युआनरन यांनी तिला चाल लावली आणि ते गाणे लोकांच्या तोंडी बसले. एका सर्वनामाला कवितेने घराघरांत नेले, हे वाचून मला, खरे सांगतो, त्या कवीचा हेवा वाटला. आमच्या घरच्या दखनीतही तो आणि ती दोघांना ‘वो’च म्हणतात. पण ‘वो आया’, ‘वो आई’ असे क्रियापद तरी सांगते. चिनीत तेही नाही. कान जे वेगळे ऐकत नाही, ते जीभ वेगळे कसे काढणार? याला उपाय एकच. आई आणि मुलगा, बहीण आणि भाऊ यांची गोष्ट रोज मोठ्याने वाचायची.

चौथी चूक ऐकाल, तर तुम्ही म्हणाल, अरे, ही तर आमचीच! ‘जरी पाऊस पडत होता, तरी आम्ही गेलो.’ मराठीत ‘जरी’ला ‘तरी’ हवाच. चिनीतही ‘स्वेईरान’ आले की मागोमाग ‘दानशी’ येते, म्हणजे ‘जरी’ आणि ‘पण’. ‘यिनवेई’ आले की ‘स्वोयी’, म्हणजे ‘कारण’ आणि ‘म्हणून’. इंग्रजीला मात्र जोडीतला एकच चालतो. ‘ऑलदो’ लिहिले, की ‘बट’ लिहायचे नाही. ‘बिकॉज’ लिहिले, की ‘सो’ लिहायचे नाही. सिंचूतल्या मुलीची आणि आपल्याकडच्या दहावीतल्या मुलाची वही शेजारी ठेवली, तर लाल शाईची खूण या एका जागी दोघांच्याही वहीत सापडेल. दोन्ही भाषा एकमेकींना ओळखतही नाहीत, तरी सवय एकच.

टोइकच्या वाचन विभागात १०० प्रश्न असतात. पहिले ३० प्रश्न सुट्या वाक्यांतल्या गाळलेल्या जागांचे. पुढचे १६ उताऱ्यातल्या गाळलेल्या जागांचे आणि उरलेले ५४ उतारे वाचून उत्तरे देण्याचे. गाळलेल्या जागांत एक ठरावीक सापळा असतो. समजा, वाक्य आहे ‘द मॅनेजर मेड अ’, मग मोकळी जागा, मग ‘ऑन मंडे’. पर्याय चार : डिसाइड, डिसिजन, डिसायसिव्ह, डिसायसिव्हली. चारी शब्द एकाच घरातले. आपल्याला ठरवणे, निर्णय, निर्णायक, निर्णायकपणे असा सराव असतो, शब्दाचे शेपूट बदलले की काम बदलते हे अंगवळणी पडलेले असते. चिनीत ‘ज्वेदिंग’ हा एकच शब्द ठरवणेही असतो आणि निर्णयही. त्याचे काम काय हे वाक्यातल्या जागेवरून ठरते.

म्हणून चिनी विद्यार्थी या चार पर्यायांकडे पाहतो, तेव्हा त्याला चारांचा अर्थ सारखाच दिसतो आणि तो गोंधळतो. त्याला सांगावे लागते, की अर्थाकडे पाहू नकोस, जागेकडे पाहा. ‘अ’च्या नंतर आणि ‘ऑन’च्या आधी नाम बसते. ‘शन’ने संपणारे बहुधा नाम, ‘ली’ने संपणारे बहुधा क्रियाविशेषण. गंमत अशी, की जागेवरून काम ओळखणे ही तर चिनी भाषेचीच विद्या. म्हणजे सवय नेहमी वैरीण नसते. ती कुठे वापरायची ते कळले, की तीच कामाला येते.

आता शब्दसंग्रहाकडे वळू. या बाबतीत आपण किती सुदैवी आहोत, हे आपल्याला ठाऊक नसते. टेबल, पेन, तिकीट, डॉक्टर, ऑफिस, कॉम्प्युटर, पार्सल... शाळेत पाऊल टाकण्याआधीच मराठी मुलाच्या खिशात शेकडो इंग्रजी शब्द असतात. चिनी भाषा परका शब्द सहसा जसाच्या तसा घेत नाही, त्याचा अर्थ घेऊन आपला शब्द घडवते. टेलिफोन म्हणजे ‘द्येनह्वा’, विजेचे बोलणे. कॉम्प्युटर म्हणजे ‘द्येननाव’, विजेचा मेंदू. आणि ट्रेन म्हणजे ‘ह्वोछ’, आगीची गाडी, अगदी आपल्या जुन्या ‘आगगाडी’सारखी! भाषेसाठी हे अभिमानाचे आहे. पण इंग्रजीच्या परीक्षेला बसणाऱ्या चिनी मुलाला त्यामुळे जवळजवळ प्रत्येक शब्द कोऱ्या पाटीवर लिहावा लागतो.

म्हणूनच चीन आणि तैवानमध्ये शब्दांच्या पुस्तकांचा एवढा मोठा बाजार आहे. यू मिनहोंग हे खेड्यातून आलेले गृहस्थ, गाओखाओला तीनदा बसून १९८० साली पेकिंग विद्यापीठात पोचले आणि १९९३ साली त्यांनी ‘न्यू ओरिएंटल’ ही शिकवणी काढली. अमेरिकेला जाऊ पाहणाऱ्यांसाठी त्यांनी केलेले शब्दांचे पुस्तक ‘लाल पुस्तक’ म्हणून एका पिढीच्या उशाशी होते. अशा पुस्तकांतले शब्द अकारविल्हे असतात, आणि पुष्कळ पुस्तकांत अगदी सुरुवातीलाच भेटतो ‘अबँडन’, म्हणजे सोडून देणे. चिनी विद्यार्थ्यांत यावरचा विनोद सर्वांच्या तोंडी आहे. पुस्तक उघडले, पहिला शब्द वाचला आणि त्याची आज्ञा पाळली!

विनोद सोडला, तर त्यात एक खरे दुखणे आहे. यादीतून पाठ केलेला शब्द यादीतच राहतो. जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून दाखवले, की पाठ केलेली गोष्ट पहिल्या काही तासांत झपाट्याने विसरली जाते आणि मग विसरण्याचा वेग मंदावतो. म्हणून एका दिवशी शंभर वेळा घोकण्यापेक्षा दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, आठवड्याने, पंधरवड्याने तोच शब्द पुन्हा पाहणे अधिक पदरात टाकते. कुराण पाठ करणाऱ्या हाफिजांना आणि वेदपाठशाळेतल्या विद्यार्थ्यांना कागदावरच्या आलेखाची गरज नव्हती. मागचे पुन्हा म्हटल्याशिवाय पुढचे घ्यायचे नाही, हे त्यांच्या गुरूंनी केव्हाच ठरवून टाकले होते.

दुसरा मार्ग शब्दांच्या मुळाचा. चिनी लिपीत नदी, सरोवर, समुद्र या अक्षरांच्या डाव्या अंगाला पाण्याच्या तीन थेंबांची खूण असते. अक्षर नवे असले, तरी खूण पाहून मूल म्हणते, हे काही तरी पाण्याचे आहे. इंग्रजी शब्दांतही अशा खुणा आहेत. ‘पोर्ट’ म्हणजे वाहून नेणे. मग एक्सपोर्ट, इम्पोर्ट, ट्रान्स्पोर्ट, पोर्टेबल हे सगळे एका ओळीत उभे राहतात. चिनी विद्यार्थ्याला ही पद्धत चटकन पटते, कारण लहानपणी तो अक्षरे अशीच शिकलेला असतो.

आणि तिसरा मार्ग शब्दांच्या संगतीचा. आपण नमाज ‘पढतो’, रोजा ‘धरतो’, शपथ ‘घेतो’ आणि आंघोळ ‘करतो’. शपथ ‘करतो’ म्हटले, तर कान टवकारतात. चिनीत ‘खाय’ हे एक क्रियापद आहे. मुळात अर्थ उघडणे. पण दिवा लावणे, गाडी चालवणे, सभा भरवणे या सगळ्यांना ‘खाय’च चालते. त्यामुळे चिनी विद्यार्थी ‘ओपन द लाइट’ म्हणतो. इथे व्याकरण चुकलेले नाही, संगत चुकली आहे. म्हणून वहीत सुटा शब्द लिहू नये, त्याच्या सोबत्यासह लिहावा. ‘डिसिजन’ नव्हे, ‘मेक अ डिसिजन’.

शेवटचा आणि सर्वांत अवघड भाग वाचनाचा. वाचन विभागाला ७५ मिनिटे मिळतात आणि प्रश्न १००, म्हणजे एका प्रश्नाला सरासरी ४५ सेकंद. आमच्या सिंचूच्या मुलीचे शेवटचे दहा-पंधरा प्रश्न नेहमी हात न लागलेले राहत. ती हळू वाचते असे सगळे म्हणत. खरे कारण वेगळे निघाले. हे पाहा : ‘काल तैपेईहून आलेल्या इंजिनिअरने दुरुस्त केलेले यंत्र.’ यंत्र शेवटी आले, त्याची सगळी वरात आधी. चिनीतही असेच, वर्णन आधी आणि वस्तू शेवटी. इंग्रजीत मात्र यंत्र आधी येते आणि वरात मागून : ‘द मशीन दॅट द इंजिनिअर हू केम फ्रॉम तैपेई यस्टरडे रिपेअर्ड.’ चिनी वाचकाचे डोळे वाक्याच्या शेवटापर्यंत जातात, मग अर्थ जुळवायला पुन्हा सुरुवातीला येतात. प्रत्येक लांब वाक्य दोनदा वाचले जाते. वेळ जातो तो इथे. मराठीत ‘जे यंत्र... ते’ अशी दुसरीही वाट आहे, म्हणून आपली अडचण थोडी कमी.

उपाय म्हणून तिने मागे जाण्याची वाटच बंद केली. पोस्टकार्डाएवढा जाड कागद घ्यायचा आणि वाचून झालेला भाग झाकत पुढे जायचे. द मशीन... कोणते यंत्र? जे इंजिनिअरने... कोणत्या इंजिनिअरने? जो तैपेईहून आला... असे तुकड्या-तुकड्याने, आलेल्या क्रमानेच समजून घ्यायचे. पहिला आठवडा जीव मेटाकुटीला आला. मग डोळ्यांना पुढे जाण्याची सवय लागली. त्याच्या जोडीला आणखी एक गोष्ट. उताऱ्यात जो शब्द असतो, तोच प्रश्नात सहसा नसतो. उताऱ्यात ‘पोस्टपोन’ असेल, तर उत्तरात ‘पुढच्या तारखेला होईल’ असे काही येते. म्हणजे वाचनाची परीक्षा ही खरे तर एकच गोष्ट दोन शब्दांत ओळखण्याची परीक्षा आहे. रोज एक छोटी नोटीस वाचून तीच आपल्या शब्दांत पुन्हा लिहिणे, हा तिच्यासाठी सर्वांत चांगला सराव.

रेडिओसाठी बोलताना एका नावाचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. डोरिस ब्रॉघम या अमेरिकन बाई १९५१ साली तैवानमध्ये आल्या आणि १९६२ साली त्यांनी ‘स्टुडिओ क्लासरूम’ हा इंग्रजी शिकवणारा रेडिओ कार्यक्रम सुरू केला. सोबत त्याच नावाचे मासिक. आधी मासिकातला मजकूर वाचायचा, मग तोच रेडिओवर ऐकायचा. २०२४ साली, वयाच्या ९८ व्या वर्षी, त्या तैवानमध्येच वारल्या. चीनमध्येही १९८२ साली सरकारी दूरचित्रवाणीवर बीबीसीचा ‘फॉलो मी’ हा धडा सुरू झाला, तेव्हा लोक पडद्यासमोर वह्या घेऊन बसत. आपल्याकडे तर्खडकरांच्या भाषांतरमालेने जे काम केले, ते तिकडे या आवाजांनी केले. शब्द डोळ्यांबरोबर कानातूनही आत जाऊ लागला.

कारण नुसत्या पर्यायांच्या सरावाचा एक तोटा चिनी लोकांनी पुरेपूर भोगला आहे. त्याला त्यांनी नावही दिले आहे, ‘याबा यिंग्यू’, मुकी इंग्रजी. कागदावर नव्वद टक्के आणि तोंडातून एक वाक्य निघत नाही. ज्या देशात सरकारी पदांसाठीची परीक्षा तेरा शतके चालली आणि १९०५ साली कुठे बंद झाली, तिथे परीक्षेलाच विद्या समजले जाणे नवलाचे नाही. शिकवण्यांचा भार इतका वाढला, की जुलै २०२१ मध्ये चीन सरकारने शालेय विषयांच्या नफेखोर शिकवण्यांवर कडक बंधने घातली. न्यू ओरिएंटलच्या कित्येक शाखा बंद झाल्या. मग २०२२ साली त्यांच्याच एका जुन्या इंग्रजी शिक्षकाने, दोंग युहुईने, थेट प्रक्षेपणात तांदूळ विकता विकता फळ्यावर इंग्रजी शब्द समजावायला सुरुवात केली आणि लक्षावधी लोक ते पाहू लागले. शिकवणी गेली, पण शिकण्याची भूक गेली नाही.

आमची सिंचूची मुलगी चौथ्या खेपेस बसली आणि तिला ७५५ मिळाले. निळे प्रमाणपत्र, हवे ते काम. भाचीने पुढची बातमीही सांगितली. परदेशी ग्राहकाच्या पहिल्याच फोनवर ती आपल्या वरिष्ठ बाईंना दोनदा ‘ही’ म्हणाली. ग्राहकाला काय ते समजले, काम झाले. मला दोन्ही बातम्या सारख्याच आवडल्या. परीक्षेने तिला दार उघडून दिले. आत गेल्यावर बोलायचे ते तिलाच, आणि ती बोलू लागली होती.

आपल्याकडे पोराने ‘ऑलदो... बट’ लिहिले, की आपण म्हणतो, ‘किती वेळा सांगितलं, डोक्यात शिरत नाही!’ पण त्याच्या डोक्यात मराठी आधीच शिरलेली असते, आणि ती आपले काम चोख करत असते. ‘जरी’ला ‘तरी’ जोडणारा मुलगा ढ नसतो. तो आपल्या आईची भाषा नीट शिकलेला असतो. त्याला एवढेच सांगायचे, की बाळा, आपल्याकडे दोन लागतात, तिकडे एकच लागतो. चूक कुठून आली हे ज्याला दाखवले जाते, त्याला लाज वाटत नाही, कुतूहल वाटते. आणि लाजेपेक्षा कुतूहलाने माणूस लवकर शिकतो, मग त्याची भाषा मराठी असो, दखनी असो वा चिनी.